दारातली बाप्याची सँडल

सकाळी बाजेवरून उतरून पहिलं पाऊल टेकवायचं म्हटलं की दैवशाला आधी भिंतीला हात लावून घ्यायची. डाव्या टाचेत बाभळीचा काटा मोडून राहिलाय आणि कोणीतरी तो खालून वर ढकलतंय, असं वाटायचं. मोरीपर्यंत जाईस्तोवर पाय जरा सैल पडायचा, म्हणून तिनं वर्षभर ते दुखणं अंगावर काढलं. अंगणवाडीची सेविका पाय कुरवाळत बसली तर पोरांमागं पळायचं कोणी?

पण चैत्र लागला, ऊन तापलं, आणि तिच्या पातळ रबरी चपलेचा तळ डांबरावर मऊ पडून पायाला खालचा खडा न् खडा कळायला लागला. एक दिवस अंगणवाडीहून येताना ती वाटेत ग्रामपंचायतीच्या ओट्यावर टेकली आणि मग तिला उठवेना. त्या दिवशी तिला पहिल्यांदा भीती वाटली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक तृप्ती मंठ्याला दिलेली, घरात ती एकटी. पाय चालतोय तोवर घर आपलं, काम आपलं. पाय बसला की दिराच्या घरी जाऊन कोपऱ्यात बसायचं. तिचा दीर भुजंग मनानं वाईट नव्हता, पण दर सणाला तेच म्हणायचा, "वहिनी, कशाला एकटं राहताव? कुलूप लावा न् या आमच्यात." त्या कुलपाची तिला टाचेपेक्षा जास्त धास्ती होती.

अंबडच्या डॉक्टरीणबाईंनी टाच अंगठ्यानं दाबली, तशी दैवशाला खुर्चीतून अर्धी उठली.

"गोळ्या मी देते," त्या म्हणाल्या, "पण खरं औषध चपलेच्या दुकानात आहे."

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. तळपायाखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टी असते, धनुष्याच्या दोरीसारखी. सपाट, पातळ चपलेत ती पावलागणिक ताणली जाते आणि टाचेपाशी दुखावते. तेव्हा टाच जराशी उचललेली हवी, मधल्या खळगीला खालून आधार हवा, मागून पट्टा हवा. तळ वाकवून बघायचा; तो बोटांपाशी वाकावा, मधून मोडू नये. आणि उन्हाळ्याचे दिवस, तेव्हा वरून उघडी हवी.

दैवशालाला समजावून सांगणारी माणसं आवडत. ती स्वतःही तेच करायची, फक्त तिचे ऐकणारे गुडघ्याएवढे असायचे.

बाजारात मात्र सगळं उलटं निघालं. एका दुकानात खड्यांची चप्पल, दुसऱ्यात सोनेरी पट्ट्यांची, तिसऱ्यात टाच एवढी उंच की त्यावरून खाली बघितलं तर चक्कर यावी. शेवटच्या दुकानातल्या माणसानं मोठ्या विश्वासानं एक जाड मऊ चप्पल पुढं ठेवली. "ही घ्या. डॉक्टर चप्पल."

दैवशालानं ती अंगठ्यानं दाबली. अंगठा पार तळाला गेला.

"ह्या डॉक्टरला आधी सलाईन लावा," ती म्हणाली. "दुसरं दाखवा."

"ताई, लेडीजमधी मजबूत माल येतच न्हाई. बायकांला देखणं लागतं."

"कोणी इचारलं होतं का बायकांला?"

दुकानदारानं हातातली चप्पल खाली ठेवली आणि तिच्या पायाकडं बघून हसला. "आन् तुमचा पाय बी रुंद हाय. लेडीजच्या नंबरात बसायचा न्हाई. बाप्याचा पाय हाय तुमचा."

"मंग बाप्याची दाखवा."

"तुमच्यासाठी?"

"पाय कोणाचा घेऊन आलेय मी?"

त्यानं मागच्या फळीवरून एक तपकिरी सँडल काढली. रुंद पट्टे, दोन बकलं, मागून पट्टा. दैवशालानं तळ वाकवून पाहिला. बोटांपाशी वाकला, मधे ताठ राहिला. तिनं ती पायात घातली, बकलं लावली आणि उभी राहिली. खळगीला खालून काहीतरी टेकलं. वर्षभर सगळा भार एकट्या टाचेवर होता, तो साऱ्या पायावर वाटला गेला. ती आरशापर्यंत गेली, परत आली. मग दुकानाबाहेर पडून रस्त्यापलीकडच्या लिंबापर्यंत चालत गेली. ही बाई तशीच जाते की काय म्हणून दुकानदार दारापर्यंत मागं आला.

"हीच," ती परत येऊन म्हणाली.

"लोक हसतील, ताई."

"हसू द्या. त्यांची टाच दुखत नसंल. आन् डब्बा नको, घालूनच जाते."

आता, दैवशालाच्या गावात दारातल्या चपला वाचायची रीत आहे. पाण्याला निघालेली बाई दारापुढून जाता जाता नुसती नजर टाकते आणि तिला सगळं कळतं. कडेनं झिजलेलं पायताण दिसलं की सासरा घरात आहे. गुलाबी पट्ट्यांची नवी चप्पल म्हणजे लेक माहेरी आलीय. पॉलिश केलेले बूट म्हणजे बँकेचा माणूस. आत डोकवायची गरज पडत नाही, विचारायची तर नाहीच. दैवशालाही सून म्हणून आली तेव्हापासून अशीच दारं वाचत आली होती. आपलं दार लोक कसं वाचतील, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही.

उन्हाळ्यात अंगणवाडी सकाळची असते. दुपारी ती घरी यायची, सँडल उंबऱ्याबाहेर काढायची, उन्हाची झळ आत येऊ नये म्हणून दार लोटायची आणि कूलरपुढं आडवी व्हायची. चालताना निऱ्यांखाली तिच्या पायात काय आहे ते कोणी बघितलं नव्हतं. लोकांनी बघितली ती दारातली: रुंद, तपकिरी, बाप्याची. दार बंद. भर दुपार.

पहिली आली शेजारची म्हातारी साळूबाई, विरजण मागायला. हातात वाटी, आणि डोळे सगळ्या कोपऱ्यांतून फिरणारे.

"दैवशाले, पाव्हणे हायत का?"

"न्हाई की."

"गेले का जेवून?"

"कोण?"

"मी कशाला कोणाचं नाव घेऊ, माय," साळूबाई म्हणाली आणि रिकामी वाटी तशीच घेऊन गेली.

नळावर बायका बोलत असायच्या, दैवशालाची घागर दिसली की गप्प व्हायच्या. पारावरची माणसं ती गेल्यावर खाकरायची. तिला काही उमगेना. तिला वाटलं, आपण लंगडत नाही म्हणून लोकांना नवल वाटत असेल.

मग एका दुपारी अंगणातून भुजंगचा आवाज आला. "कोण हाय आत?"

तिनं दार उघडलं. भुजंग उन्हात उभा होता आणि त्याच्यामागं त्याची बायको शिवकन्या, तोंडात पदराचं टोक धरून.

"मी हाय. आन् कोण असणार?"

"आन् ही?" त्यानं सँडलकडं हनुवटीनं दाखवलं.

दैवशालानं सँडलकडं पाहिलं, दिराकडं पाहिलं, जावेकडं पाहिलं. साळूबाईची रिकामी वाटी, नळावरची शांतता, पारावरचं खाकरणं, सगळं तिला एका क्षणात उलगडलं. आधी तिला हसू आलं. मग ते हसू गेलं आणि कानशिलं तापली.

"माझी हाय."

"वहिनी, चेष्टा नका करू."

तिनं सँडल घातली, उंबऱ्यावर बसून बकलं लावली आणि त्याच्यासमोर अंगणात या कडेपासून त्या कडेपर्यंत चालून दाखवलं. शिवकन्येच्या तोंडातला पदर सुटला. "अगं माय, अक्काचीच हाय की."

भुजंगचा चेहरा सैल पडला, पण पुन्हा आवळला. "बरं झालं. मंग आता आत ठेवत जावा."

"धुळीचं पायताण आत कामून ठेवू?"

"लोक बोलून राह्यलेत, वहिनी."

"मंग त्यांला सांगा, वहिनीची टाच दुखती."

"मी काय दारोदार सांगत फिरू? आन् सांगितलं तर अजून हसतील. भुजंगची भावजय बाप्याची पायताणं घालती म्हणतील. दुसरी घ्या, लेडीज. खर्चा मी करतो."

"लेडीजमधी न्हाई, भावजी. अख्खं अंबड पालथं घातलं."

"मंग आत ठेवा. ते बी जमत न्हाई तर एकटं राहणंच बंद करा." तो आता थोरल्यासारखा बोलायला लागला होता. तिनं त्याच्या शाळेच्या चड्डीला बटणं लावून दिली होती. "हनुमान जयंती झाली की ट्रॅक्टर घेऊन येतो. सामान बांधून ठेवा."

सँडल आत ठेवणं अवघड नव्हतं. उंबऱ्याच्या बाहेरून उचलायची, उंबऱ्याच्या आत ठेवायची, एवढंच काम. पण ज्यानं काही केलंच नाही त्यानं लपवायचं काय? आज सँडल आत गेली की उद्या दार उघडं ठेवून झोपायला सांगतील. परवा अंगणवाडीची बैठक आहे म्हणून अंबडला जायचं तर सोबत कोण आहे ते विचारतील. आणि आपण प्रत्येक वेळी एवढंसंच तर आहे म्हणत म्हणत एक दिवस दिराच्या घरातल्या कोपऱ्यात पोचू.

"भावजी," ती म्हणाली, "तिची जागा दारात हाय. ती तिथंच राहील."

भुजंग तरातरा अंगणाबाहेर पडला. शिवकन्येनं जाताना मागं वळून सँडलकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत पोरं खिचडीची वाट बघत बसली होती. तेवढ्यात पाच वर्षांचा माऊली उठून उभा राहिला. "म्याडम, तुमच्या घरी कोणता बाबा येतो? आजी म्हणली, बाबा येतो."

खिचडी ढवळणाऱ्या मदतनीस बाईचा हात थांबला. दैवशाला रागावली नाही. लेकरू खोटं बोलत नव्हतं. घरी त्याला जे मिळालं ते त्यानं इथं आणून दाखवलं होतं. आणि त्याला प्रश्न पडला होता, म्हणजे उत्तर देणं तिचं काम होतं.

तिनं खडू काढला. "चला, पाय काढू."

एकेका पोरानं फरशीवर पाय ठेवायचा आणि शेजारच्यानं त्याच्याभोवती खडू फिरवायचा. गुदगुल्या झाल्या, खडू मोडले, एकाचं बोट बाहेर राहिलं म्हणून भांडण झालं. मग सगळ्यांनी मिळून म्याडमचा पाय काढला. फरशीवर तो चांगला ऐसपैस दिसायला लागला.

"सगळ्यात रुंद कोणाचा?"

"तुमचा."

दैवशालानं बाहेर जाऊन सँडल आणली, फडक्यानं पुसली आणि त्या रेघेवर ठेवली. पुढून, मागून, दोन्ही कडांनी बराबर बसली.

"आता सांगा, ही कोणाची?"

"तुमची," सगळी म्हणाली.

"कामून माझी, माऊली?"

माऊलीनं वाकून रेघ बघितली, सँडल बघितली. "तुमच्या पायाएवढी हाय म्हणून."

"बराबर."

हे घरी जाऊन सांगा, असं तिच्या ओठावर आलं होतं. पण तिनं ते गिळलं. लेकरांना इथं शिकायला पाठवतात, मोठ्यांचे निरोप वाहायला नाही. तरी संध्याकाळपर्यंत गावातल्या कितीतरी ओट्यांवर खडूचे आणि कोळशाचे पाय उमटले होते, आणि आजीचा पाय लहान का म्याडमचा पाय मोठा, यावर घराघरांत चौकशी झाली होती.

बोलणं त्यानं थांबलं नाही, फक्त फिरलं. दैवशालाच्या घरी बाप्या येतो, असं आता कोणी म्हणत नव्हतं. आता म्हणायचे, दैवशालाच बाप्या झालीय. नळावर तिला कोणीतरी "रामराम, दादा" घातला. तिनं घागर भरता भरताच "रामराम" परत केला.

हनुमान जयंतीला मारुतीच्या देवळात महाप्रसाद होता. बायकांच्या चपला देवळाच्या डाव्या अंगाला, बाप्यांच्या उजवीकडं पिंपळाच्या पाराखाली, ही तिथली जुनी वाटणी. दैवशालानं सँडल बायकांच्या ओळीत काढली आणि आत गेली.

छातीला बिल्ला लावलेला कल्याण नावाचा पोरगा चपला नीट लावत होता. कामाला चोख. बायकांच्या ओळीत बाप्याची सँडल दिसल्यावर, कोण्या तात्याची चुकून इकडं पडली असं समजून, त्यानं ती उचलली आणि पाराखालच्या ढिगात नेऊन ठेवली. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं.

जेवण करून दैवशाला बाहेर आली तर सँडल जागेवर नाही. ऊन डोक्यावर आलं होतं, अंगणातली फरशी तापली होती. तिनं नजर फिरवली आणि तिला ती दिसली, पलीकडं, बाप्यांच्या ढिगात. बायका चपला घालता घालता रेंगाळल्या. पारावरची माणसं सुपारी कातरायची थांबली. ढिगाशेजारी भुजंग उभा होता आणि नुसत्या डोळ्यांनी तिला सांगत होता, इकडं येऊ नका.

शिवकन्येनं तिचा दंड धरला. "अक्का, माझी घालून चला घरापर्यंत. ती सँडल हे मागून आणतेल."

दैवशालानं जावेच्या चपलेकडं पाहिलं. पातळ, सपाट, सोनेरी पट्ट्याची. जाऊ मायेनं देत होती. पण ती घालून गेलं तर सँडल भुजंगच्या हाती पडणार, आणि एकदा त्याच्या हाती पडली की घराची किल्लीही फार दिवस आपल्या कमरेला राहायची नाही.

"तुझी तुझ्या पायात राहू दे," ती म्हणाली आणि चालायला लागली.

फरशी तव्यासारखी होती. टाच प्रत्येक पावलाला ओरडत होती आणि आज दैवशाला लंगडत होती, पण थांबली नाही. माणसं आपोआप बाजूला झाली. तिनं ढिगातून सँडल काढली. उभ्यानं बकल लावायचं तर दुखऱ्या पायावर सगळा भार येणार. टेकायला जवळ एकच जागा होती, आणि त्या जागेवर गावातली कोणती बाई कधी बसलेली कोणी बघितली नव्हती. दैवशाला पारावर बसली.

पुंजाराम तात्या तिथले सगळ्यात थोरले. ते जरा सरकले. "बाई, ही बाप्यांची बसायची जागा हाय."

"सिमेंट हाय, तात्या. माझ्या बसण्यानं झिजायचं न्हाई. पट्टा लागला की उठते."

"आन् पायताण बी बाप्याचं."

"दुकानात बाप्याचं होतं. आता माझं हाय."

मागून कोणीतरी म्हणालं, "उद्या धोतर बी नेसशील."

"पायाला सोसलं तर तेबी नेसते. तुमचं आधी धुऊन ठेवा."

हसू फुटलं, आणि या वेळी ते तिच्यावर नव्हतं. पुंजाराम तात्यांच्याही मिशा हलल्या. भुजंग मात्र जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, बस झालं. उठा. माझी शोभा होऊन राह्यली."

"उठते. दुसरं बकल राह्यलंय."

तिनं दुसरं बकल लावलं. घाई केली नाही. लावून झाल्यावर ती उभी राहिली आणि ज्या आवाजात ती चाळीस पोरांना एका दमात खाली बसवायची, त्या आवाजात बोलली.

"माझ्या दारातली सँडल ज्यांनी ज्यांनी बघितली, त्यांनी आता पायातबी बघून घ्या. हीच ती. उद्याबी माझ्या दारात दिसल, परवाबी दिसल. ज्याला वाचायची त्यानं बराबर वाचावी."

टाचेचं ती बोलली नाही. बोलली असती तर बायका हळहळल्या असत्या, बिचारीचं दुखतं म्हणाल्या असत्या आणि सगळं मिटलं असतं. पण दुखतंय म्हणून माफ करा, असं तिला कोणाला म्हणायचं नव्हतं.

भुजंग शब्दाचा पक्का. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा ट्रॅक्टर तिच्या दारापुढं येऊन उभा राहिला, मागं रिकामी ट्रॉली. बोळ एवढा अरुंद की दोन्ही भिंतींना जेमतेम हातभर जागा उरली. दैवशाला सँडल घालून, दाराला कुलूप लावून, पिशवी खांद्याला अडकवून उभी होती. कुलूप बघून भुजंगला जरा बरं वाटलं.

"सामान कुठंय?"

"जिथलं तिथं हाय. कुलूप अंगणवाडीला जायचं म्हणून लावलं."

"वहिनी, काल एवढं झालं. मी गावात तोंड कसं दाखवू?"

"मी दाखवून राह्यले की. तसंच."

"मी शेवटचं सांगतो. चला आमच्यात."

"भावजी, तुमच्यानं उचलवत असंल तर मला उचलून ट्रॉलीत टाका. माझ्या पायानं मी चढणार न्हाई." ती थोडी थांबली, आणि मग तिचा आवाज मऊ झाला, त्याच्या चड्डीला बटणं लावायची तेव्हासारखा. "सणाला बोलवा, मी येईन. पुरणबी घालीन. पण संध्याकाळी माझ्या घरी परत जाईन."

भुजंग स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. इंजिन धडधडत होतं. खाली उतरून वहिनीचं सामान बळंच बाहेर काढणाऱ्यांतला तो नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

"ट्रॅक्टर जरा मागं घ्या," ती म्हणाली. "पोरं येऊन बसली असतील."

"मागं कसा घेऊ? ट्रॉली वाकडी होती."

"मी सांगते."

ती भिंत आणि चाकाच्या मधून अंग चोरून ट्रॉलीच्या मागं गेली, बोळाच्या तोंडाशी उभी राहिली आणि एसटीच्या कंडक्टरसारखा हात वर केला. मागचा गिअर पडल्याचा आवाज आला.

"येऊ द्या. येऊ द्या अजून. तुमच्या डाव्या हाताला, भावजी, तिकडं साळूबाईचा रांजण हाय. हां, आता सरळ. येऊ द्या."

ट्रॉली खडखडत, अडखळत मागं सरकत राहिली, आणि ती एकेक पाऊल मागं घेत, हात हलवत, दिराला बोळाबाहेर काढत राहिली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर तिनं ट्रॉलीच्या फळीवर थाप मारली.

"बस," ती म्हणाली, आणि अंगणवाडीच्या रस्त्यानं चालायला लागली.